नवीन घरात आलोय, सगळं आहे, पण आत्यांचा जीव रमेना… तुमच्याकडं कसं झालं?

शहापूरची सून (९ जून)

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

अक्षय्य तृतीयेला आमची घरभरणी झाली. बेळगावात, येळ्ळूर रोडला, वडगाव मागं पडलं की शेतं सुरू होतात ना, तिथं. शहापुरातलं जुनं घर वाटणीत विकावं लागलं, आमच्या वाट्याचे पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून हे उभं केलं. खाली हॉल, किचन आणि सासूबाईंची खोली, वर दोन खोल्या, मागं छोटंसं परसू, त्यात भिंतीकडंला अळू लावलाय. परसवाच्या भिंतीपलीकडं सगळं भाताचं शिवार. गच्चीवरनं राजहंसगड दिसतो. मुलं तर पहिल्या दिवसापासनं इथलीच झाली, धाकटीला पहिल्यांदा स्वतःचं कपाट मिळालंय, ती दिवसातनं चार वेळा ते उघडते आणि परत लावते. मला स्वतःला सकाळी किचनच्या खिडकीतनं उजेड ओट्यावर येतो त्याचंच इतकं कौतुक वाटतं. जुन्या घरात भर दुपारी लाईट लावून भाजी चिरायला लागायची.

प्रश्न सासूबाईंचा आहे. आम्ही त्यांना आत्याच म्हणतो. वय ७४. लग्न होऊन त्या शहापूरच्या घरात आल्या त्याला ५५-५६ वर्षं झाली. मामंजींचा हातमाग होता, सोप्यातच, आणि आत्या रहाटाचं चाक फिरवून मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या. पुढं माग बंद पडला, मामंजीही गेले, पण गल्लीत यंत्रमाग होतेच, दिवसभर खटखट चालू. पाहुणे आले की म्हणायचे तुम्हाला झोप तरी कशी लागते. आता इथं रात्री इतकं शांत असतं आणि त्याच शांततेत आत्यांना झोप लागत नाही. दोन-तीनदा उठतात, कडी लावलीय का बघतात, पाणी पितात, परत पडतात. जेवण कमी झालंय. आम्ही त्यांच्या खोलीत नवीन कॉट केली, गुडघे दुखतात म्हणून कमोड केला, देवघर त्यांना दिसंल असं ठेवलं. काही विचारलं की म्हणतात, "सगळं चांगलं हाय गे, पण मी बसू कुठं?" मी म्हणते सोफा आहे की आत्या, बसा की. बसतात पाच मिनिटं आणि उठतात.

परवा पिशवी घेऊन गेटापाशी उभ्या होत्या. कुठं जाऊलाय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, घरी. आणि मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि काही न बोलता आत गेल्या. मला त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरातली मोठी माणसं अशी जुनं घर सोडून आली असतील तर काय केलं, काय उपयोगी पडलं ते सांगा. आणि नवीन घर आपलं कधी वाटायला लागलं तेपण सांगा, मला ते वाचायचं आहे.

निपाणीची सून (९ जून)

आधी नवीन घराबद्दल अभिनंदन गं. गेटापाशी पिशवी घेऊन, ते वाचून पोटात तुटलं. आमच्याकडं आजेसासऱ्यांचं असंच झालं होतं. आम्ही एक केलं, त्यांचं जुनं सामान नवीन कपाटात न लावता जसं होतं तसं ठेवलं. म्हणजे जुन्या ट्रंकेत त्यांचे कपडे, ट्रंकेवर चंची, तंबाखूची डबी उशाशी उजव्या हाताला. आम्हाला हॉल सजवायचा होता म्हणून ती ट्रंक गच्चीवर टाकली होती, ती परत खाली आणली. अंधारात हात जिथं जायचा तिथं वस्तू सापडायला लागली तशी त्यांची चिडचिड कमी झाली. तुमच्या आत्यांचं जुनं काय काय आणलंय?

शहापूरची सून (९ जून)

देव, तांब्याचा हंडा, त्यांचा पाट आणि रहाट. रहाट वर गच्चीच्या जिन्यात ठेवलाय, मोडकळीला आलाय. बाकी भांडीकुंडी बरीच देऊन टाकली, आता वाईट वाटतंय.

मलप्रभेकाठचा (१० जून)

मी खानापूर तालुक्यातला, कणकुंबीच्या बाजूचा, जिथं मलप्रभा उगम पावते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, जूनला सुरू झाला की गणपतीपर्यंत सूर्य दिसायची गॅरंटी नाही. आमचं जुनं घर कौलारू होतं, २०१७ ला स्लॅबचं बांधलं. बाबांचा प्रॉब्लेम काय झाला सांगतो. कौलांवर पाऊस पडला की कळतो, बारीक आहे का मोठा आहे, वारा कुठनं आहे, सगळं अंथरुणात पडल्या पडल्या कळतं, पागोळ्या किती जोरात गळतायत त्यावरनं ओढ्याला पाणी आलं असंल का नाही ते बाबा सांगायचे. स्लॅबखाली ऐकूच येईना. मग रात्री चार-चार वेळा उठून दार उघडून बघायचे, पाऊस पडूलाय काय म्हणून. शेवटी आम्ही मागच्या पडवीवर, त्यांच्या खिडकीला लागून, दहा बाय आठचा पत्रा टाकला. गाडी लावायला म्हणून सांगितलं लोकांना, पण खरं कारण तेच. पहिल्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजला आणि बाबा सकाळी सहापर्यंत उठले नाहीत. तुमच्या आत्यांना माग ऐकू येत नाही हेच असणार, मला तरी तसंच वाटतं.

पुण्यातली बेळगावकर (१० जून)

@मलप्रभेकाठचा, किती सुंदर लिहिलंत. मी कोथरूडला १४ वर्षं आहे आणि अजून पहिला पाऊस पडला की बेळगावच्या कॅम्पातल्या झाडांखालचा रस्ता आठवतो.

शहापूरची सून, घरात कुणी मागाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलात तर? तुमच्या नात्यात कुणाचे तरी माग चालू असतीलच की खासबाग, वडगावात.

अनगोळचा मिस्त्री (१० जून)

ताई, विषय वेगळा आहे पण येळ्ळूर रोड वाचलं म्हणून विचारतो. पाया किती खाली नेलाय? तो सगळा पट्टा काळ्या मातीचा. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, पाया त्या मातीतच बसला असंल तर भिंत दरवर्षी वरखाली होते. मुरूम लागेपर्यंत खोदायला पाहिजे. आणि बळ्ळारी नाल्यापासनं किती लांब? पावसाळ्यात तो फुगला की पाणी शिवारात पसरतं हे तुम्हाला शहापुरात राहून माहीत असंलच.

शहापूरची सून (१० जून)

दादा, घराचा पाया मुरुमापर्यंत नेलाय, यांनी रोज उभं राहून बघितलंय. जोतं रस्त्यापासनं तीन फूट उचललंय. नाला बराच लांब आहे. पण कंपाउंडच्या भिंतीचं काम ज्यांना दिलं होतं त्यांनी घाई केली, आत्ताच मागच्या भिंतीला आडवी-तिरकी चीर दिसूलीय. बघून वाईट वाटतं, नवीन भिंत आहे हो.

अनगोळचा मिस्त्री (१०  जून)

चीर लगेच भरू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, किती हालते ते कळंल, मग भरा. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहून ठेवा, वाढली का नाही ते समजतं. भिंतीच्या बुडाशी पाणी साठू देऊ नका, परसवात अळू लावलाय म्हणालात ना, तो भिंतीपासनं तीन-चार फूट तरी लांब घ्या. अळवाला पाणी लागतं, ते सगळं पायात मुरतं. आणि बाहेरून रंग यावर्षी नको, प्लास्टर वाळू दे, पहिला पावसाळा जाऊ दे. घाबरायचं कारण नाही, कंपाउंड आहे.

कृष्णाकाठ (११ जून)

आमचं गाव चिकोडीच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सगळ्यांना माहीत आहे. आमचं घर मातीच्या भिंतींचं होतं, दोन-तीन दिवस पाणी राहिलं आणि उतरलं तेव्हा मागची भिंत बसली. भांडी सापडली, आईच्या गोधड्या चिखलात गेल्या. मग उंचावर नवीन घर बांधलं, ते होईपर्यंत वर्ष नातेवाइकांकडं काढलं.

नवीन घरात आई तीन महिने पाहुणीसारखी राहिली. चहा घेऊ का म्हणून विचारायची. स्वतःच्या घरात! आम्हाला वाटायचं पुराचा धसका आहे, असंलही. पण एक दिवस माझ्या बायकोच्या लक्षात आलं की जुन्या घरात आई चुलीपुढं बसली की तिला तुळस दिसायची, सरळ रेषेत, दारातनं. नवीन घरात इंजिनिअरनं तुळस छान फरशी लावून घरासमोर गेटाजवळ केली होती आणि स्वयंपाकघर मागं. आम्ही दुसरी तुळस एका डब्यात लावून मागच्या दारी ठेवली. एवढंच केलं. आता तीच तुळस मोठी झाली, गेटाजवळची वाळली. शहापूरची सून, तुम्ही आत्यांना नीट विचारा, दिवसभर त्या जुन्या घरात काय काय बघायच्या.

जुना शहापूरकर (११ जून)

मी स्वतः विणकराचा मुलगा, वय ६८. धागा काल रात्री वाचला आणि एका वाक्यापाशी थांबलो. तुमच्या सासूबाई म्हणतात मी बसू कुठं. इथं सगळ्यांनी त्याचा अर्थ मन लागत नाही असा घेतलाय. मला वाटतं त्या सरळ विचारतायत. मुली, त्या जुन्या घरात त्या बसायच्या कुठं? जमिनीवर? पाटावर? खुर्चीवर? हे आधी सांग.

शहापूरची सून (११ जून)

काका, तुमचा प्रश्न वाचला आणि मी दोन मिनिटं तशीच बसले.

त्या मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसायच्या. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, खड्ड्याचा माग म्हणजे जमिनीत खड्डा असतो, विणणारा माणूस काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. आमचा माग विकला तेव्हा मामंजींनी खड्डा बुजवू दिला नाही, असू दे म्हणाले. पुढं कुणी बुजवलाच नाही. आत्यांचे गुडघे गेले, खाली मांडी घालता येईना, खुर्चीवर बसलं की पाय लोंबतात म्हणून पायाला मुंग्या येतात, त्या उंचीनं अगदी बारीक आहेत. म्हणून त्या खड्ड्याच्या काठावर, पाय खाली टेकवून. भाजी तिथंच निवडायच्या, चहा तिथंच, शेंगा फोडायच्या, मुलांचा अभ्यास तिथंच घ्यायच्या. धाकटी शाळेतनं आली की खड्ड्यात उतरून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायची. मी २०  वर्षं बघितलंय हे आणि घर बांधताना एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सगळी घरभर एकसारखी गुळगुळीत फरशी घातली.

जुना शहापूरकर (११ जून)

मग उत्तर मिळालं की. आमची आईसुद्धा तशीच बसायची, पाय खाली सोडून. त्या उंचीची सवय गुडघ्याला, कमरेला, सगळ्या अंगाला झालेली असते. एक दगडी कट्टा करून दे त्यांना. पण मापं टेपनं घेऊ नकोस. त्यांना बसवून घे.

रताळं (११ जून)

अंगावर काटा आला काका.

हिंदवाडी (१२ जून)

+१. रोज येऊन बघणार आता हा धागा.

शहापूरची सून (१५ जून)

यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत, आत्यांच्या खोलीत जाऊन बसले थोडा वेळ.

मग कट्टा कुठं करायचा यावर दोन दिवस चर्चा. मी म्हणत होते पुढच्या व्हरांड्यात, रस्ता दिसतो, माणसं दिसतात. आत्यांना विचारलं तर त्यांनी मागचं दार दाखवलं. किचनचं मागचं दार उघडलं की तीन फूट खाली परसू आहे, तिथं पायऱ्या आहेत. दाराच्या उजव्या अंगाला, स्वयंपाकघरात कोण काय करतंय ते दिसलं पाहिजे आणि शिवारपण दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मापाचं असं झालं, की जिन्याच्या एकेका पायरीवर त्यांना बसवून बघितलं. पहिलीवर पाय वर येतात, दुसरीवरपण, तिसरीवर बसल्या तर पाय अधांतरी. शेवटी तिसऱ्या पायरीवर बसवून पायाखाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आणि त्यातले पेपर एकेक काढत गेलो. एका जागी म्हणाल्या, हां. तेवढ्यावर यांनी भिंतीवर रेघ मारली. टाच टेकली पाहिजे आणि मांडीखाली हात जाऊ नये, असं त्यांचं माप. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "पाठीला भिंत पायजे. आणि दगूड तापला पायजे." दगूड तापला पायजे हे मला कधीच सुचलं नसतं. सकाळचं ऊन मागच्या बाजूलाच येतं.

मिस्त्री म्हणतोय पाऊस धरलाय, आत्ता काम नको. बघू.

अनगोळचा मिस्त्री (१५ जून)

बरोबर बोलला तो. उघडीप बघून करा. वर शहाबादी फरशी घाला, पॉलिशची नको, साधीच, ओल्या पायांनी घसरत नाही आणि उन्हात चांगली तापते. कड घासून गोल करून घ्या, नाहीतर मांडीला रुतते. आणि कट्टा घराच्या पायाला जोडून बांधू नका, मधे बारीक फट ठेवा. माती हालली तर कट्टा आपला आपण हालंल, घराच्या भिंतीला चीर जाणार नाही. पडू नयेत म्हणून एका बाजूला धरायला पाईप लावा.

पुण्यातली बेळगावकर (१६ जून)

आणि तो मागाचा आवाज?

शहापूरची सून (२२ जून)

हो हो, ते सांगायचंच राहिलं. मोठा मुलगा खासबागला यांच्या आत्तेभावाकडं जाऊन त्यांच्या यंत्रमागाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन आला. रात्री आत्या पडल्यावर त्यांच्या उशाशी बारीक आवाजात लावलं. आम्ही सगळी दाराबाहेर उभी. दोन मिनिटं शांतता. मग आतनं आवाज, "कुणाचा गा माग ह्यो? बंद कर म्हणावं. धोटा आपटूलाय, नीट बसंना." आणि उठून बसल्या. मुलाला म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता फोन लाव त्याला. दहा वाजले होते. तरी लावला. खासबागच्या त्या काकांनी दुसऱ्या दिवशी बघितलं तर पिकर, म्हणजे धोट्याला ढकलतो तो भाग, झिजलेला होता, त्यांनी बदलला.

झोप काही त्या आवाजानं लागली नाही, पण दुसऱ्या दिवशी आत्यांनी हा किस्सा पाच जणांना फोन करून सांगितला. घरात आल्यापासनं त्यांचं इतकं बोलणं मी ऐकलं नव्हतं. आणि भाताबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या.

जुना शहापूरकर (२२ जून)

डोळ्यात पाणी आलं. आमच्या वडिलांना गल्लीतनं जाता जाता कळायचं कुणाच्या मागावर दोरा तुटलाय ते.

निपाणीची सून (२३ जून)

तुमच्या आत्यांना भेटायला यायचं आहे मला!!

खडेबाजार ते कॅम्प (१ जुलै)

आम्ही पण नवीन जागेत आलोय, फ्लॅट आहे, तिसरा मजला. माझा प्रश्न साधा आहे, कंटाळा येतो. दिवसभर कामं संपत नाहीत, कार्टन अजून फोडायचे राहिलेत, सगळे म्हणतात नवीन घर म्हणजे आनंद, मला तो दिसत नाही. तुम्ही लोक रोजच्या दिवसात काय करता ते लिहा ना. छोटंसुद्धा चालेल.

मलप्रभेकाठचा (१ जुलै)

पहिला चहा एकट्यानं, मोबाईल न घेता, मागच्या दारात. एवढंच.

कृष्णाकाठ (१ जुलै)

सगळे कार्टन एकदम फोडू नका. आम्ही पुरानंतर परत एकेक वस्तू घेत गेलो, वर्ष लागलं, त्यामुळं प्रत्येक वस्तूची गोष्ट आहे. हा तवा चिकोडीच्या बाजारातला, ही खुर्ची भावानं दिली. रोज एकच कार्टन, त्यातली एकच वस्तू अशी जागेवर ठेवा की ती उद्या हलवायला लागणार नाही.

शहापूरची सून (२ जुलै)

@खडेबाजार ते कॅम्प, मी माझं सांगते, कारण मलाही जूनमध्ये असंच वाटत होतं.

आमच्याकडं पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसांनी येतं, कधी जास्तपण लागतात. जुन्या घरात पाणी आलं की पळापळ, बारा माणसं आणि एक नळ, त्या दिवशी भांडण ठरलेलं. इथं टाकी मोठी आहे, पळापळ नाही. पण सवयीनं पाण्याचा दिवस म्हणजे सणाचा दिवस झालाय. पाणी आलं की मी सगळ्या पितळी भांड्यांना चिंच लावते, धाकटी पाईप घेऊन अंगण धुते, हे गाडी धुतात, आणि त्या दिवशी दुपारी स्वयंपाकाला साधंच, भात, कटाची आमटी, सांडगी मिरची तळलेली. सगळी दमलेली असतात आणि हॉलमध्ये गार फरशीवर आडवी होतात. कुणी काही बोलत नाही. तो अर्धा तास मला इतका आवडतो.

दुसरं म्हणजे शनिवारी मी चालत बाजारात जाते, रिक्षा नाही. कडोलीकडच्या बायका भाजी घेऊन येतात. घेवडा, मेथी, कोवळी वांगी. नवीन घर म्हणून विचारतात, कुठं बांधलं, किती खोल्या, सासू आहे का. घेतलेल्या भाजीवर मूठभर कोथिंबीर जास्त टाकतात, घरभरणीची म्हणून.

खडेबाजार ते कॅम्प (२ जुलै)

गार फरशीवर आडवं होणं, हे आज केलं. मुलं येऊन शेजारी झोपली. थँक्यू.

टिळकवाडी दुसरं गेट (२० जुलै)

काय पाऊस आहे! कट्ट्याचं काय झालं?

शहापूरची सून (२१ जुलै)

अजून नाही हो. शिवार सगळं पाण्यानं भरलंय, रात्री बेडकांचा असा गोंगाट असतो की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. आणि सांगायची गोष्ट म्हणजे आत्या झोपतात! आठवडा झाला. काल विचारलं, तर म्हणाल्या, "बरं वाटतंय की, कायतरी चालू हाय." मलप्रभेकाठच्या दादांचं बरोबर होतं, त्यांना पूर्ण शांत नको होतं. पाऊस गेल्यावर बेडकं गप्प होतील, मग बघू काय ते.

शेजारच्या घरात बैलहोंगलच्या बाजूचं कुटुंब राहायला आलंय, कन्नड बोलणारं. त्या अक्का पहिल्याच दिवशी डब्यात शेंगा हिंडी, म्हणजे शेंगदाण्याची चटणी, आणि कडक रोट्टी घेऊन आल्या. मला कन्नड बाजारापुरतं येतं, आत्यांना चांगलं येतं, मागाचा सगळा व्यवहार त्याच भाषेत चालायचा. अक्का दारातनं "ऊटा आत?", म्हणजे जेवण झालं का, विचारतात आणि आत्यांचा चेहरा बघायला पाहिजे.

शहापूरची सून (२५ ऑगस्ट)

झाला! कट्टा झाला!

चार दिवस उघडीप होती तेवढ्यात मिस्त्री आला. गणपतीच्या आधी करून देतो म्हणाला होता, दिला. शहाबादीच घातली. कड गोल करून घेतली, फट ठेवली, पाईप लावला, सगळं इथं सांगितल्याप्रमाणं. सिमेंट ओलं असताना धाकटीनं खालच्या पायरीच्या कोपऱ्यात स्वतःचा तळवा उमटवला, कुणी रागावलं नाही.

पाणी मारायचं म्हणून आठ दिवस आत्यांना बसू दिलं नाही. रोज सकाळी दारात येऊन विचारायच्या, वाळला काय. काल ऊन पडलं. आत्या आल्या, आधी हातानं फरशी चाचपली, मग पाईपला धरून सावकाश बसल्या. टाचा टेकल्या. पाठ भिंतीला लावली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सुपली आण गे." सुपलीत अळवाची पानं घातली आणि शिरा काढत बसल्या. अळू भिंतीपासनं चार फूट हलवलाय बरं का मिस्त्रीदादा, जोमात आलाय.

अनगोळचा मिस्त्री (२५ ऑगस्ट)

लई बरं वाटलं ताई. कंपाउंडची चीर?

शहापूरची सून (२५ ऑगस्ट)

पेन्सिलीच्या खुणेच्या बोटभर पुढं गेलीय. मुलगा दर महिन्याला तारीख लिहितो.

जुना शहापूरकर (२६ ऑगस्ट)

मुली, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आमच्या घरातला खड्डा मीच बुजवला होता, १९९८ ला, टाईल्स घालायच्या म्हणून. आई त्यानंतर आठ वर्षं होती. कुठं बसायची ते आठवायचा प्रयत्न करतोय कालपासनं.

पुण्यातली बेळगावकर (२६ ऑगस्ट)

काका 🙏

निपाणीची सून (२७ ऑगस्ट)

काका, तुम्ही विचारलं म्हणूनच इथं कट्टा झाला. आम्ही सगळे नुसते सल्ले देत होतो.

शहापूरची सून (२९ ऑगस्ट)

काका, आत्यांना तुमचा नमस्कार सांगितला. घराण्याचं नाव विचारत होत्या, मी म्हटलं इथं नावं नसतात. तर म्हणाल्या, शहापूरचे हायत न्हवं, मग गणपतीला बोलीव. खरंच या. घर सापडायला अवघड नाही, वडगावातनं येळ्ळूरकडं निघालात की फोन करा, मी मेसेजमध्ये नंबर देते.

शहापूरची सून (१९ ऑक्टोबर)

दिवाळीच्या गडबडीत आहे, फराळ अर्धा झालाय, पण हे लिहायचंच होतं.

मागच्या शिवारात बासमती आहे. आमचं बेळगावचं बासमती, येळ्ळूर, अनगोळ, वडगावच्या काळ्या रानातलं, शिजायला लागलं की गल्लीभर कळायचं. पण उभ्या पिकाचाही वास येतो हे मला माहीत नव्हतं. आत्ता फुलोरा आलाय आणि सकाळी दव असताना मागचं दार उघडलं की भात शिजत असल्यासारखा वास घरात येतो. गॅसवर काही नसतं. परवा मी दोनदा जाऊन शेगडी बघितली.

आत्या सकाळी सातला कट्ट्यावर, नऊपर्यंत. ऊन सरकलं की त्या आत. अक्का येतात, त्यापण कट्ट्यावर बसतात, दोघींच्या मधे चुरमुऱ्याचा डबा. अक्कांना आता रहाट शिकायचाय म्हणे. जिन्यातला रहाट खाली आणून मुलानं सुताराकडनं त्याची एक आरी बदलून घेतली. कांड्या कुणासाठी भरायच्या हा प्रश्नच आहे, पण खासबागचे काका म्हणाले सूत पाठवतो, भरून द्या, माझ्या हातमागवाल्या मित्राला लागतात.

बेडकं गप्प झालीत. आत्या झोपतात तरी.

मलप्रभेकाठचा (१९ ऑक्टोबर)

फुलोऱ्याच्या वासाचं अगदी खरं आहे. आमच्याकडं इंटाण जातीचं भात जास्त, त्याला हा वास नाही. सुगीनंतर एक-दोन किलो विकत मिळंल का? बाबांना द्यायचं आहे.

शहापूरची सून (२० ऑक्टोबर)

शेत ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगते. कापणी नोव्हेंबरात, मग मळणी. आत्या म्हणतात नवीन तांदूळ लगेच खायचा नाही, चिकट होतो, तीन-चार महिने जुना होऊ द्यायचा. त्यांनी आत्ताच पिंप धुवून कट्ट्यावर वाळत घातलंय.